पंधरा सालची बार्बेरा

शिवी दिली तर माणूस उलट शिवी देऊ शकतो. पण कुणी आपल्या वाइनला 'प्रामाणिक' म्हटलं तर काय करायचं, हे एवाझिओ स्कारोनेला अठ्ठावन्न वर्षांच्या आयुष्यात कुणी शिकवलं नव्हतं.

म्हणणारा परका असता तर गोष्ट वेगळी. पण हे होते डॉक्टर लुदोविको वल्लाउरी, एवाझिओचे होणारे व्याही. मुलीचं, म्हणजे मिकेलाचं, लग्न जूनमध्ये ठरलं होतं. मुलगा तोमासो तोरिनो शहरातला, आणि मुलाच्या वडिलांचं तिथे औषधांचं दुकान, त्यामुळे सगळी गल्ली त्यांना डॉक्टर म्हणायची. शिवाय त्यांनी वाइन चाखण्याचा तीन वर्षांचा कोर्स केला होता आणि त्याचं सर्टिफिकेट दुकानात, खोकल्याच्या औषधांच्या वर, फ्रेम करून लावलं होतं. जानेवारीतल्या एका रविवारी दोन्ही घरं एवाझिओकडे पहिल्यांदा एकत्र जेवायला बसली. त्याने तळघरातली, स्वतःच्या हाताने बाटल्यांत भरलेली बार्बेरा, म्हणजे तिकडची रोजची लाल वाइन, ओतली. डॉक्टरांनी पेला तिरका केला, उजेडात धरला, त्यात नाक घातलं, एक घोट तोंडात घोळवला आणि फार मायेने म्हणाले, "प्रामाणिक वाइन आहे हो."

लग्नाच्या मुलीबद्दल 'स्वभावाने फार गरीब आहे' असं सांगतात, त्यातलाच हा प्रकार. म्हणजे बाकी बोलण्यासारखं काही नाही.

"चौदा सालची ना?" डॉक्टर पुढे म्हणाले. "तरीच. काय पाऊस झाला त्या साली. पण लग्नातल्या वाइनची काळजी तुम्ही करू नका, मोजणीसाहेब. माझ्या ओळखीचा एक जण आहे, मोठा मळेवाला. मी एक फोन केला की काम झालं."

एवाझिओ भूमापन कचेरीत तीस वर्षं होता, म्हणून त्याला सगळे मोजणीसाहेब म्हणत. एरवी त्याला ते आवडायचं. आज ते औषधाच्या पुडीवर नाव लिहावं तसं वाटलं.

"मुलीच्या लग्नातली वाइन मुलीच्या बापाच्या हातची असते," तो म्हणाला. "आमच्याकडे तशी पद्धतच आहे."

अशी पद्धत अख्ख्या कासाले गावात कुणाची नव्हती. ती त्याने त्याच क्षणी, समोरच्या आन्योलोत्ती, खिमा भरलेल्या त्या छोट्या करंज्या, गार होत असताना, तयार केली. त्याच्या बायकोने, ओर्नेल्लाने, टेबलाखालून त्याच्या नडगीवर लाथ मारली, पण शब्द गेला तो गेला. आता नव्वद पाहुण्यांसमोर, सर्टिफिकेटवाल्या व्याह्यांच्या तोंडात एवाझिओची वाइन जाणार होती आणि त्यावरून मिकेला कुठल्या घरातून आली ते तोरिनो ठरवणार होतं. निदान एवाझिओची तशी पक्की समजूत झाली होती.

द्राक्षबागाईतदारांच्या सहकारी सोसायटीत वाइन आणायला जाताना त्याने गाडीत ओर्नेल्लाला व्याख्यान दिलं. "चूक माझी नाही, सालाची आहे. महागड्या वाइनवाल्याला वाईट साल आलं तर काय करतो? निम्मी द्राक्षं फेकून देतो, उरलेली एकेक मणी निवडून घेतो. फारच वाईट असलं तर त्या साली बाटली काढतच नाही. त्याला परवडतं. आपली दोन युरो लिटरवाली. तिच्यात आभाळाने जे टाकलं तेच येणार. उन्हाळाभर पाऊस, तर पेल्यात पाऊस. स्वस्त वाइन घेणाऱ्यानेच खरं तर साल बघून घ्यायला पाहिजे. पंधरा साल बघ, काय ऊन होतं."

"पंधरा सालात तू पंखा दुरुस्त करून दिला नाहीस, एवढं मला आठवतं," ओर्नेल्ला म्हणाली.

सोसायटीतल्या माणसाने पेट्रोलसारखी नळी लावून चोपन्न लिटरचा काचेचा बुधला भरून दिला. एवाझिओने तिथेच घोटभर चाखली. काळीभोर, भरदार, पिकलेल्या आलुबुखारासारखी. त्याला क्षणभर डॉक्टरांची कीव आली. बुधला घरी येऊन तळघरात, सात नंबरच्या खोलीत, चौदा सालच्या उरलेल्या बुधल्याशेजारी बसला. हा दुसरा बुधला गेलं वर्षभर तिथेच होता, कारण एक संपवतानाच घरच्यांचे दात आंबले होते. दोन्ही बुधले दिसायला सारखे, म्हणून एवाझिओने पुठ्ठ्याच्या दोन चिठ्ठ्या केल्या, एकीवर १४ आणि एकीवर १५ लिहिलं आणि सुतळीने गळ्यांत बांधल्या. तीस वर्षं लोकांच्या जमिनींना नंबर देणाऱ्या माणसाला एवढं पुरेसं वाटलं.

इथून पुढे खरं तर फक्त बाटल्या भरायच्या होत्या. पण इमारतीच्या 'ब' जिन्यातल्या लोकांना बातमी लागली.

तिसऱ्या मजल्यावरच्या इओलांदाबाई पतीच्या मागे एकट्या राहायच्या आणि चंद्राचं सगळं त्यांच्याकडे असायचं. "मार्चमधला उतरता चंद्र हवा," त्यांनी जिन्यातच निकाल दिला. "चढत्या चंद्रावर भराल तर बाटलीत फेस धरेल आणि बुचं उडतील. माझ्या दिराने ऐकलं नाही. अजून छताला डाग आहेत." तळमजल्यावरचा सेकोंदो रेल्वेतून निवृत्त झालेला. त्याचं म्हणणं, चंद्रबिंद्र काही नाही, हवा कोरडी हवी आणि वारा उत्तरेचा. तेव्हा उतरता चंद्र, कोरडी हवा, उत्तरेचा वारा आणि एवाझिओची सुट्टी हे सगळं एका दिवशी जुळवायचं ठरलं. मुलीच्या लग्नाची तारीख काढताना एवढा खल झाला नव्हता.

तेवढ्यात रजिस्टर्ड पत्र आलं. इमारतीचे व्यवस्थापक बोन्फान्ते पहिल्याच मजल्यावर राहत, पण बोलायचं झालं तर रजिस्टर्ड पोस्टानेच बोलत. अग्निशमनाची तपासणी येत होती, आणि नकाशात सात नंबरची खोलीच नव्हती. तिथे येण्याजाण्याची वाट दाखवली होती. 'सामायिक वाटेत द्रव पदार्थाचा साठा' केल्याबद्दल एवाझिओला आठ दिवसांची मुदत होती. नकाशावर शिक्का होता भूमापन कचेरीचा, म्हणजे त्याच्याच कचेरीचा.

त्याने दुरुस्तीचा अर्ज लिहिला. अर्ज नियमाप्रमाणे तीन टेबलं फिरून चौथ्या दिवशी त्याच्याच टेबलावर आला. स्वतःच्या अर्जावर स्वतः सही करता येत नाही. ज्याला करता येते तो सहकारी बर्फावर घसरून गुडघा मोडून घरी बसलेला. साहेब म्हणाले, "स्कारोने, तुम्हीच जर नियम वाकवायला लागलात तर लोकांनी काय करायचं?" हे वाक्य त्याने स्वतः तीस वर्षांत लोकांना इतक्या वेळा ऐकवलं होतं की ते त्याला पाठ होतं.

शेवटी सेकोंदो धावून आला. "तपासणी होईपर्यंत माझ्या खोलीत ठेव. तू कचेरीत जा, मी करतो. हातगाडी आहे माझ्याकडे." त्याने हातगाडीवरून दोन्ही बुधले एकेक करून तळघरातल्याच आपल्या अरुंद खोलीत नेले, सुतळी कुठे अडकू नये म्हणून चिठ्ठ्या सोडून खिशात ठेवल्या आणि तपासणी झाल्यावर बुधले परत जागेवर आणले. मग चिठ्ठ्या बांधायच्या वेळी तो विचार करायला थांबला, आणि तिथेच घात झाला. चाळीस वर्षं त्याने यार्डात डब्यांचं शंटिंग केलं होतं. आत जाताना डब्यांचा क्रम उलटतो, हे त्याच्या हाडात भिनलं होतं. तेव्हा चिठ्ठ्याही उलट बांधायला हव्यात, असा त्याने हिशेब केला. बाहेर येताना क्रम पुन्हा उलटून होता तसा होतो, हे रेल्वेत बहुधा दुसऱ्या पाळीच्या माणसाचं काम असावं. पंधरावर चौदाची चिठ्ठी बसली आणि चौदा पंधरा होऊन बसलं.

एवाझिओच्या जिभेने हे पहिल्या थेंबाला पकडलं असतं. पण त्याआधी दीडशे रिकाम्या बाटल्या धुवायच्या होत्या, त्या अंगणातल्या नळावर, कारण ओर्नेल्लाने न्हाणीघर द्यायला साफ नकार दिला. फेब्रुवारीचं पाणी, दोन दिवस, गुडघ्यावर बसून. तिसऱ्या दिवशी त्याचं नाक जे बंद झालं ते महिनाभर उघडलं नाही. आणि नेमका तेव्हाच मार्चचा चंद्र उतरायला लागला, हवा कोरडी पडली, वारा उत्तरेचा सुटला.

"अशी वेळ पुन्हा येणार नाही," इओलांदाबाई म्हणाल्या.

भरायला सगळा जिना खाली उतरला. कुणी नळी धरली, कुणी बाटल्या दिल्या, सेकोंदोने बूच मारायच्या यंत्राचा दांडा घेतला. तळघरात एकच पिवळा दिवा आणि बाटल्या गडद हिरव्या, त्यामुळे रंगाचा प्रश्नच नव्हता. १५ नंबरच्या बुधल्यात नळी घातल्यावर एवाझिओने रिवाजाप्रमाणे घोट घेतला. त्याला ओलं लागलं, यापलीकडे काही कळलं नाही.

सेकोंदोनेही घेतला. त्याचा एक डोळा मिटला. "एवाझिओ, ही पंधरा जरा पातळ नाही वाटत?"

"पातळ?" एवाझिओ नाकातून म्हणाला. "चाळीस वर्षं तू त्या काळ्या विड्या ओढल्यास. तुझी जीभ म्हणजे बुटाचा तळवा झालीय. ही सोसायटीत मी स्वतः चाखलीय."

सेकोंदोने पुन्हा यंत्राचा दांडा धरला. हातांनी केलेली चूक जिभेने धरली होती, पण जिभेची साक्ष काढायला कुणी तयार नव्हतं. पंधराच्या बहात्तर बाटल्या डावीकडे लागल्या, चौदाच्या बहात्तर उजवीकडे. डाव्यांवर लग्नासाठी छापून आणलेल्या देखण्या चिठ्ठ्या चिकटल्या: मिकेला आणि तोमासो, बार्बेरा २०१५. उजव्यांवर एवाझिओने बॉलपेनने नुसतं १४ लिहिलं. बाटली भरल्यावर चाळीस दिवस तिला हात लावायचा नाही, हे मात्र चंद्रवाल्यांना आणि वारेवाल्यांना दोघांनाही मान्य होतं. तेव्हा चाखून बघण्याचा विषयच मिटला.

चाळीस दिवस उलटल्यावर एवाझिओने मोठ्या मनाने चौदाच्या बहुतेक बाटल्या जिन्यात वाटून टाकल्या. घरटी सहा-सहा. "साल वाईट आहे," तो दारादारात सांगायचा, "पण रस्सा करायला बरी."

आणि मग कौतुक सुरू झालं. इओलांदाबाई म्हणाल्या, दवाखान्यातल्या डॉक्टरांनी त्यांना एक पेला सांगितलाय पण त्या हल्ली पेला मोठा घेतात. बोन्फान्तेंनी चक्क जिन्यात उभं राहून, पोस्ट न वापरता, सांगितलं की चौदा सालची अशी वाइन त्यांनी ऐकलीही नव्हती. एवाझिओला वाटलं, हाताचा गुण. पावसाच्या सालाचं जर आपण असं सोनं केलं, तर उन्हाच्या सालाचं काय झालं असेल? ही कल्पना इतकी गोड होती की डावीकडची किंवा उजवीकडची एखादी बाटली फोडून खात्री करायचं त्याच्या मनातच आलं नाही. लग्नाच्या बाटल्या लग्नातच उघडायच्या, असं तो छाती काढून सांगत राहिला.

लग्नाला दोन दिवस उरले तेव्हा एक बाटली हॉलवर नेताना दारावर आपटली आणि तिची मान गेली. ओर्नेल्लाने उरलेली वाइन जगमध्ये गाळून घेतली आणि दुपारच्या जेवणाला ठेवली. एवाझिओने एक घोट घेतला. मग दुसरा घेतला. मग तो उठून तळघरात गेला, बॉलपेनने १४ लिहिलेली बाटली घेऊन आला, ती उघडली आणि खुर्चीत बसला तो बसूनच राहिला.

"काय झालं?" ओर्नेल्लाने विचारलं.

"मी पंधरा साल वाटून टाकलं," तो म्हणाला. "रश्शासाठी."

ओर्नेल्लाने दोन्ही चाखल्या. एरवी हसण्यासारखी गोष्ट होती आणि ती हसणारी बाई होती. पण तिने नवऱ्याचं तोंड बघितलं आणि एप्रन काढून ती सरळ जिना चढायला लागली.

तासाभरात एकेक जण खाली येऊ लागला. कुणाच्या पिशवीत चार, कुणाच्या पिशवीत दोन. बोन्फान्ते स्वतः तीन घेऊन आले. इओलांदाबाईंनी बूच परत ठोकलेली एक बाटली पुढे केली. "ही अर्धी आहे, पण कालचीच आहे." सेकोंदो सगळ्यात शेवटी आला. त्याच्या सहाच्या सहा तशाच होत्या. नातीच्या बारशाला ठेवल्या होत्या म्हणाला. त्याने बाटल्या खाली ठेवल्या, टोपी हातात घेतली आणि शंटिंगचा सगळा प्रकार सांगून टाकला. एवाझिओला ओरडायचं होतं. पण महिनाभर बंद असलेलं नाक त्याचं स्वतःचं होतं, आणि बुटाच्या तळव्याचं बोलणंही त्याचंच. "जाऊ दे," तो म्हणाला, आणि त्याला ते खरंच जाऊ द्यावंसं वाटलं.

घरातल्या धरून तीसेक बाटल्या जमल्या. म्हणजे व्याह्यांच्या टेबलांपुरत्या.

"चिठ्ठ्या बदलून टाक," ओर्नेल्ला म्हणाली. "कुणाला कळणार आहे?"

"तीस वर्षांत मी एक नोंद खोटी केलेली नाही," एवाझिओ म्हणाला. "आहे ते राहील. चांगली त्यांच्या टेबलावर ठेवू, छापील इतरांकडे." खोटं लिहायचं नाही, पण कुणी विचारल्याशिवाय खरंही सांगायचं नाही, हा मार्ग त्याला सरकारी नोकरीनेच दाखवला होता.

लग्न छान लागलं. मिकेला इतकी सुंदर दिसत होती की चर्चमध्ये तिचा हात तोमासोच्या हातात देताना एवाझिओ दहा मिनिटं वाइन पार विसरला. हॉलमध्ये जेवणं सुरू झाली तशी ती पुन्हा आठवली. डॉक्टर वल्लाउरींनी समोरच्या बाटलीवरचं बॉलपेनचं १४ बघितलं आणि त्यांच्या भुवया वर गेल्या. त्यांनी पेला तिरका केला, उजेडात धरला, नाक घातलं. घोट घेतला. दुसरा घेतला. मग चमच्याने पेल्यावर टिचकी मारून ते उभे राहिले.

"मंडळी," ते म्हणाले, "चौदा साल आपल्या सगळ्यांना आठवतं. मोठमोठ्या मळेवाल्यांनी त्या साली हात टेकले. आणि या माणसाने, सोसायटीच्या साध्या वाइनमधून, हे काढलंय. मी तीन वर्षं शिकलो. मोजणीसाहेब, मला वाटतं मी चुकीच्या शाळेत गेलो होतो."

टाळ्या पडल्या. तोरिनोची सगळी टेबलं एवाझिओकडे बघत होती. जानेवारीपासून त्याला जे हवं होतं ते सगळं, अगदी नको तेवढं, त्याच्या पुढ्यात आलं होतं. फक्त मान लववून बसायचं होतं. त्याने मान लववलीसुद्धा.

पण मान वर करताना त्याची नजर मागच्या टेबलाकडे गेली. तिथे 'ब' जिना बसला होता. छापील चिठ्ठ्यांच्या बाटल्या त्यांच्याकडेही होत्या, आणि त्यात काय आहे हे त्या हॉलमध्ये एवाझिओ-ओर्नेल्लाखेरीज फक्त त्यांनाच ठाऊक होतं. इओलांदाबाईंनी घोट घेतला, त्यांच्या गालांचा आतल्या आत बटवा झाला, आणि मग शेजारच्या टेबलावरच्या तोरिनोच्या बाईंना त्या मोठ्याने म्हणाल्या, "पंधरा साल. ऊन आहे नुसतं, ऊन." बोन्फान्ते गंभीरपणे मान डोलावत होते. सेकोंदो तिसरा पेला भरून घेत होता. एवाझिओ आपल्याकडे बघतोय हे दिसताच त्याने पेला उंच केला आणि आंबट तोंड जमेल तेवढं सरळ केलं.

गेले सहा महिने तो ज्यांच्या नजरेत चढायला धडपडत होता ते लोक समोर होते, आणि ज्यांनी त्याला काही न विचारता आपल्या कपाटातल्या बाटल्या आणून दिल्या ते पार कोपऱ्यात, दाराजवळ बसले होते. त्याला स्वतःची लाज वाटली. तो उभा राहिला.

"डॉक्टर, एक दुरुस्ती आहे," तो म्हणाला. "तुमच्या पेल्यात चौदा नाही, पंधरा आहे. चौदा ती, तिकडे आहे, छापील चिठ्ठीची. आमच्या चिठ्ठ्या उलट्या लागल्या. माझ्या हाताला काही गुणबिण नाही. त्या साली ऊन पडलं होतं, एवढंच. आणि तुम्ही पिताय ती माझी नाहीच. ती मी या माझ्या शेजाऱ्यांना देऊन टाकली होती. परवा माझी अब्रू जाऊ नये म्हणून त्यांनी ती परत आणून दिली. आणि आता ते आंबट पितायत आणि वर तुम्हाला गोड सांगतायत."

मिकेलाने तोंडावर हात ठेवला. ती हसतेय की रडतेय ते कळेना. ओर्नेल्लाने या वेळी लाथ मारली नाही.

डॉक्टर वल्लाउरींनी आपल्यासमोरची बाटली उचलली, सगळा हॉल ओलांडून मागच्या टेबलाशी गेले आणि ती इओलांदाबाईंच्या, बोन्फान्तेंच्या, सेकोंदोच्या पेल्यांत रिकामी केली. एक खुर्ची ओढून तिथेच बसले आणि आपला पेला सेकोंदोपुढे धरला. सेकोंदोने छापील चिठ्ठीची बाटली घेऊन तो काठोकाठ भरला. डॉक्टरांनी एका दमात निम्मा प्यायला. त्यांचे डोळे मिटले, खांदे वर गेले, आणि बऱ्याच वेळाने ते जागेवर आले.

"एवाझिओ," त्यांनी तिथून हाक मारली, "ही तुझी वाइन भयंकर आंबट आहे रे."

परक्याच्या वाइनला कुणी आंबट म्हणत नाही. एवाझिओ स्वतःचा पेला घेऊन त्या टेबलाकडे निघाला.

"आंबटच आहे, लुदोविको," तो म्हणाला. "जरा सरक, मला बसू दे."